किल्ली हातीं असलेला आचारी

लग्नघरचा आचारी तिखटमीठ आपल्या घरून आणीत नाहीं. यजमानाचा कोठीवाला देईल तें घेतो. युनिक्स वंशांतील संगणकांवरचे प्रोग्रॅमही असेच वागतात. अनेकांस लागणारा कामाचा भाग ‘सामायिक लायब्ररी’ म्हणून वेगळ्या फायलींत एकदांच ठेवलेला असतो. प्रोग्रॅम सुरू होतांच ‘डायनॅमिक लिंकर’ हा कोठीवाला त्या फायली शोधून देतो. कोठें शोधावें, हें वापरणाराही ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या चलांत लिहून सुचवूं शकतो.

परंतु कांहीं प्रोग्रॅमांच्या हातीं तिजोरीची किल्ली असते. परवलीचा शब्द बदलणारा ‘पासडब्ल्यूडी’ कोणीही चालविला, तरी तो बहुधा ‘रूट’ या सर्वाधिकाऱ्याच्या अधिकारानें चालतो. ‘सेटयूआयडी’ नांवाची ही युक्ति डेनिस रिची यांची. तिचें अमेरिकन पेटंट १९७९ सालचें. अशा प्रोग्रॅमाला वाटेल त्या ठिकाणची लायब्ररी चालती, तर कोणाही लबाडानें त्याच नांवाची खोटी फाईल पुढें करून सारें यंत्र बळकाविलें असतें. म्हणून प्रोग्रॅमापाशीं विशेष अधिकार दिसतांच लिंकर वापरणाराची ती सूचना ऐकतच नाहीं.

घोटाळा येथेंच उद्भवतो. लिनक्सवर जावाला १०२४ च्या खालचें पोर्ट उघडतां यावें म्हणून ‘सेटकॅप’नें तेवढ्यापुरता अधिकार दिला, तर ‘लिबजेएलआय.एसओ’ सांपडत नाहीं, अशी तक्रार येऊन कित्येकदां जावा सुरूच होत नाहीं. फाईल जागच्या जागींच असते. प्रोग्रॅमाच्या स्वतःच्या ठिकाणावरून तिचा पत्ता काढण्याची सोय मात्र अधिकार मिळतांच बंद पडलेली असते. ‘एलडीडी’ ही तपासणी अधिकारावांचून होते. ती सर्व ठीक आहे असें सांगूं शकते, व माणूस अधिकच गोंधळतो.

अशा वेळीं प्रथम ‘एलएस -एल’च्या उत्तरांत अधिकारदर्शक ‘एस’ अक्षर आहे काय, व ‘गेटकॅप’ कोणते अधिकार दाखवितें, हें पाहावें. निदान ठरल्यावर लायब्ररीच्या फोल्डराचा पत्ता ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ मधील फायलींत लिहून रूटनें ‘एलडीकॉन्फिग’ चालवावें. त्या फोल्डरांत रूटवांचून कोणासही लिहितां येऊं नये; येत असेल, तर चोराला कोठींतच बिऱ्हाड दिल्यासारखें होईल.

ही सावधगिरी अनाठायीं नाहीं. २०२३ सालीं लिनक्सवरील ग्लिबसीच्या लिंकरांत, ‘ग्लिबसी_ट्यूनेबल्स’ हें चल वाचणाऱ्या भागांत, एक चूक उघडकीस आली. तिच्या आधारें सामान्य वापरणाराही कित्येक संगणकांवर रूट होऊं शकत होता. कोठीवाल्याची एक डुलकी एवढी महाग पडते. तेव्हां ‘फाईल सांपडत नाहीं’ हा निरोप आल्यास चिडून अधिक अधिकार देऊं नयेत. कोठीवाला जागा आहे, हें ओळखून त्याला योग्य पत्ता द्यावा.