गिऱ्हाईक असलेली शाळा

डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात अभियांत्रिकी संशोधनाचे प्रमुख होते. अमेरिकेतून डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत काही वर्षं काम, मग कंपनीतली मोठी जागा. ती सोडून १९८३ साली पत्नी मीराताईंसह ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळमध्ये कामाला लागले. शिरूर तालुक्यातलं हे अवर्षणग्रस्त गाव त्यांनी मुद्दाम निवडलं. जे इथे जमेल ते देशातल्या बहुतेक गावांत जमेल, असा त्यांचा हिशेब होता. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून तिथल्या माळावर विज्ञान आश्रम उभा राहिला.

उद्योगातल्या माणसांनी विद्यार्थ्यांना शिकवावं, हे आज सगळेच म्हणतात. कलबागांनी त्यासाठी शाळेची घडीच बदलली. ती कशी बदलली, हे उल्हासनगरसारख्या व्यापारी शहराने बारकाईने पाहण्याजोगं आहे.

पाबळची रीत

आश्रमाने शाळा सुटलेल्या, परीक्षेत मागे पडलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम सुरू केला. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वायरिंग, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया, सगळंच शिकायचं आणि सगळं स्वतःच्या हाताने. बांधकाम शिकायचं तर खरी इमारत बांधायची. लोखंडी त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभा राहणारा ‘पाबळ डोम’ आणि जीपचे सुटे भाग वापरून केलेला ‘मेकबुल’ हा स्वस्त ट्रॅक्टर ही याच वातावरणातली कामं. पुढे २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने इथे फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांची कार्यशाळा, आली. एमआयटीबाहेर सुरू झालेल्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी ती एक.

हीच रीत माध्यमिक शाळांत ‘इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी’ म्हणजे आयबीटी या नावाने गेली आणि राज्याच्या शालान्त परीक्षा मंडळाने तिला विषय म्हणून मान्यता दिली. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातात अवजारं घेतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे विषयाचे चार भाग.

या रचनेतल्या तीन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात.

पहिली, शिकवणारा माणूस. आयबीटीचे निदेशक शक्यतो त्याच परिसरातले, हातात हुन्नर असलेले, स्वतःचा व्यवसाय करणारे असावेत, अशी योजना आहे. आश्रमात त्यांना शिकवण्याचं प्रशिक्षण मिळतं आणि शाळेत ते मानधनावर अर्धवेळ येतात. दुकान किंवा वर्कशॉप चालू असलेल्या वेल्डरला या आठवड्यात लोखंड काय भावाने मिळतंय ते ठाऊक असतं. कोणतं गिऱ्हाईक पैसे वेळेवर देतं आणि कुणाकडे खेटे घालावे लागतात, तेही ठाऊक असतं. पुस्तकात हे सापडत नाही.

दुसरी, लोकोपयोगी सेवा. शिकताना केलेलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडलं पाहिजे. फेरोसिमेंटची टाकी असो, शाळेच्या फाटकाची दुरुस्ती असो की रक्तगट तपासणी, काम घेणारा खरा असतो. टाकी गळली तर ते पहिल्यांदा त्याच्या लक्षात येतं.

तिसरी, किंमत काढणं. केलेल्या वस्तूला सामान किती लागलं, मजुरी किती, वाया किती गेलं, हे मूल वहीत मांडतं. चौदा वर्षांच्या मुलीला आपण बनवलेल्या वस्तूची खरी किंमत काढता येणं, ही उद्योजकतेची पहिली इयत्ता आहे.

कॉलेजांत होणाऱ्या पाहुण्यांच्या व्याख्यानांत या तिन्ही गोष्टी नसतात. यशस्वी उद्योजक येतो, आपली वाटचाल सांगतो, मुलं टाळ्या वाजवतात. व्याख्यानाने उमेद वाढते, हे खरंच. पण उधारी कशी वसूल करावी, हे तासाभरात कळत नाही. त्यासाठी तोच माणूस आठवड्यामागून आठवडे भेटावा लागतो आणि मध्ये एखादा सौदा बिघडावाही लागतो.

छावणीतलं शहर

आता उल्हासनगरकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखाच्या आसपास माणसं तिथल्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बराकींची जागा इमारतींनी घेतली, तरी पत्त्यात कॅम्प एक ते पाच हे आकडे अजून आहेत.

कॅम्प दोनमध्ये जपानी बाजार आणि गजानन मार्केट, तर कॅम्प पाचमध्ये जीन्सचा धंदा. शहाडला सेंच्युरी रेयॉन, पलीकडे अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसी. एका लोकलच्या टप्प्यात घाऊक कापडापासून रसायनांपर्यंत आणि शिलाईपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत सगळे उद्योग सापडतात.

इथल्या कित्येक घरांत मुलांचं व्यापारशिक्षण शाळेइतक्याच शिस्तीने झालेलं आहे. शाळा सुटली की दुकानावर. आधी तागे उचलायचे, घड्या घालायच्या, माप द्यायचं. मग गल्ला, मग उधारीची वही, आणि सगळ्यात शेवटी खरेदी. चुकीचा माल भरला तर नुकसान घरचंच, म्हणून खरेदी उशिरा हाती येते. निर्वासित म्हणून आलेल्या लोकांनी हे शहर उभं केलं, त्यात या शिक्षणाचा वाटा मोठा आहे.

त्याला मर्यादा आहे ती एकच, पण फार मोठी. हे शिक्षण दुकान असलेल्या घरातच मिळतं. जीन्सच्या शिलाईवर पीसने काम करणाऱ्या कारागिराच्या मुलाला, घरी बसून धागे कापणाऱ्या बाईच्या मुलीला किंवा अंबरनाथच्या कारखान्यातल्या फिटरच्या मुलाला त्या गल्ल्यामागे बसायला कोण देणार? व्यावसायिकांना वर्गात आणायचं ते या मुलांसाठी. महाविद्यालयाने तसं केलं, तर घरात दुकान नसलेल्या विद्यार्थ्याला शहराची खरी विद्या मिळेल.

दार उघडलेलं आहे

व्यावसायिकांना कॉलेजात शिकवायला नेमण्यात नियमांची अडचण आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत प्रत्यक्ष उद्योग-व्यवसायातल्या व्यक्ती शिकवायला घेता येतात. किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, पदवीची किंवा शोधनिबंधांची अट नाही, आणि मुदत साधारण तीन वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून चार. अनुभवी माणूस वरिष्ठ पदावरचा असावा, असा मात्र या तत्त्वांचा कल आहे. त्यामुळे निवड करणाऱ्यांची नजर कंपनीतल्या अधिकाऱ्यांवर आधी जाईल. तीस वर्षं कटिंग टेबल सांभाळलेला मास्तर किंवा गजानन मार्केटमधला व्यापारी त्यांना दिसेलच असं नाही. तो दिसला पाहिजे.

अशा वर्गात शिकवायचं काय? एक जीन्स पँट पुरे. कापड किती लागतं, कटिंगमध्ये किती वाया जातं, शिलाई, वॉशिंग, बटण, धागा कटिंग, पॅकिंग, वाहतूक, जीएसटी, परत आलेला माल आणि दोन महिन्यांच्या उधारीचा बोजा, हे सगळं एका पानावर मांडायला लावा. त्याच पानावर वालधुनी नदीही हवी. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचं रंगीत पाणी नदीत गेलं, वालधुनीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचलं आणि अनेक युनिटांना टाळं लागलं. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च पहिल्यापासून किमतीत धरला असता तर काय झालं असतं, हे गणित इथल्या मुलांनी सोडवायलाच हवं. शिकवणाऱ्या व्यापाऱ्यानेही त्यात मोकळेपणाने बोललं पाहिजे.

व्यापाऱ्याला दिवाळीत आणि लग्नसराईत वेळ नसतो, ही तक्रार खरी आहे. त्या दिवसांत वर्गच बाजारात न्यावा. गर्दीच्या दिवशी गिऱ्हाईक सांभाळणं हाच तेव्हाचा धडा. मानधन ठरलेलं असावं आणि वेळेवर मिळावं, कारण फुकट शिकवायला आलेला माणूस पहिल्या हंगामात गळतो. सोबत कॉलेजचे प्राध्यापक हवेतच. व्यापाऱ्याला जे अंदाजाने कळतं, त्यामागचा हिशेब, कायदा आणि कारणं उलगडून सांगणं हे त्यांचं काम.

सिंध सोडून आलेल्या प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर एच. जी. अडवाणी यांनी १९४९ साली एचएसएनसी बोर्ड हे शिक्षण मंडळ स्थापन केलं आणि १९६५ मध्ये त्याच मंडळाचं सीएचएम कॉलेज उल्हासनगरात आलं. ज्यांचं सगळं मागे राहिलं होतं, त्यांनी दुकानांबरोबर कॉलेजंही उभारली. दोन्ही इथे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ती एका वेळापत्रकात बसवावीत, ही मागणी शहरातल्या पालकांनी केली पाहिजे, आणि ज्यांच्या घरात दुकान नाही त्यांनी सर्वांत आधी.