दादरचे फलाट आणि प्रोग्रॅममधील पत्ते

दादर स्थानकातील फलाटांचे क्रमांक ९ डिसेंबर २०२३ रोजी बदलले. त्यापूर्वी ‘एक नंबरवर भेटू’ एवढा निरोप तेथे अपुरा ठरत असे. एक नंबर पश्चिम रेल्वेचाही होता आणि मध्य रेल्वेचाही. असेंब्ली भाषेतील प्रोग्रॅमच्या पत्त्यांची सुरुवातीची अवस्था नेमकी अशीच असते.

या भाषेत प्रोग्रॅमचे विभाग पाडले जातात. एकात प्रोसेसरसाठीच्या आज्ञा, दुसऱ्यात माहिती. असेंब्लर प्रत्येक विभागाची मोजणी स्वतंत्रपणे शून्यापासून करतो. चालू ओळीची जागा दर्शविणारे चिन्हही त्यात असते. ‘ग्नू’ असेंब्लरमध्ये त्यासाठी नुसते टिंब पुरते. ‘नॅसम’मध्ये डॉलरचे एक चिन्ह चालू जागा सांगते, तर दोन चिन्हे विभागाचा आरंभ. पहिल्यातून दुसरे वजा केले की आपण आरंभापासून किती बाइट पुढे आलो, ते कळते. जुन्या धाटणीच्या पीसीचा आरंभीचा प्रोग्रॅम ५१२ बाइटांचा असतो व अखेरचे दोन बाइट ठरावीक खुणेसाठी राखलेले असतात. मधली किती जागा शून्यांनी भरायची, हे याच वजाबाकीने ठरते.

मात्र हे सारे विभागांतर्गत अंतर झाले. अंतिम पत्ता ठरविण्याचे काम लिंकरचे. दादरला पश्चिम रेल्वेचे १ ते ७ कायम राहिले आणि मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले. मध्य रेल्वेचा दोन नंबर रुंदीकरणात आधीच गेला होता. म्हणजे तेथील तीन हा मोजणीत दुसरा, त्यात सात मिळवून नऊ. लिंकरही असेच करतो. विभाग कोठे ठेवायचा ते ठरवून तो आतील अंतरात आरंभाचा पत्ता मिळवतो आणि जेथे जेथे त्या जागेचे नाव वापरले आहे, तेथे तेथे नवा आकडा भरतो. फलक बदलावेत तसेच हे.

पण नावाऐवजी आकडाच लिहून ठेवला असेल, तर लिंकर त्याला हात लावत नाही. मध्य रेल्वेचा जुना ‘तीन’ डोक्यात ठेवून आलेला प्रवासी आज थेट पश्चिम रेल्वेच्या फलाटावर पोहोचेल. फलाट खरा, गाडी मात्र भलतीच! प्रोग्रॅमचेही तेच होते, आणि पुष्कळदा चुकीची सूचनाही मिळत नाही. म्हणूनच दोन वेगवेगळ्या विभागांतील नावांची वजाबाकी सांगितली, तर असेंब्लर सहसा ती नाकारतो. त्या दोहोंमधले अंतर तोवर ठरलेलेच नसते.