डांगात राहायला जाण्यापूर्वी



गेल्या काही महिन्यांत मंडळीतल्या दोन-तीन तरुण जोडप्यांनी आम्हाला विचारले, "आम्हालाही डांगात येऊन सेवा करावीशी वाटते. काय तयारी करावी?" प्रत्येकाला वेगळे पत्र लिहिण्यापेक्षा येथेच सविस्तर लिहिते. नगर जिल्ह्यातले घर सोडून आम्ही येथे आलो त्याला सहा वर्षे झाली. मी नर्स आहे, माझे यजमान वसतिगृहातल्या मुलांचे पाहतात. पुढे लिहिले आहे त्यातले बरेचसे आम्ही चुका करून शिकलो.

डांग हा गुजरातचा जिल्हा, पण आपल्याला अगदी लागून आहे. नाशिकहून वणीमार्गे सापुताऱ्याचा घाट चढला की आपण डांगात येतो. सह्याद्रीच्या उत्तर टोकाचे हे डोंगर साग आणि बांबूच्या जंगलाने भरलेले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या थोडी वर आहे आणि त्यातले ९४ टक्क्यांहून जास्त लोक आदिवासी आहेत. कुकणा, भिल्ल आणि वारली हे त्यांतले मोठे समाज. १९६० साली मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा डांग गुजरातकडे गेला. त्यामुळे घरात डांगी किंवा कुकणा बोली, बाजारात थोडी मराठी आणि शाळा-कचेरीत गुजराती, असा येथला व्यवहार आहे.

बोली मराठीला जवळची आहे, म्हणून आपल्याला भाषा शिकावी लागणार नाही असे आम्ही धरून चाललो. पहिली चूक तीच. परकी भाषा असती तर कळत नाही हे तरी कळले असते. येथे निम्मे कळते आणि सगळे कळल्यासारखे वाटते. पहिल्याच आठवड्यात एका तरुणाने माझ्या यजमानांना "तू कधी आलास?" असे विचारले, तेव्हा आम्हाला ते जरा लागले. पुढे पाहिले तर गावात पाटलालाही "तू" आणि पाळकांनाही "तू". त्यात अनादर काहीच नाही, आपला म्हणून बोलतात.

दुसरी चूक वेळेची. आम्ही दिवाळीनंतर पोहोचलो आणि लगेच आईबाळांसाठी आरोग्याचे वर्ग ठरवले. पहिल्या वर्गाला सात बाया आल्या, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला कोणीच नाही. लोकांना आपली गरज वाटत नाही असे वाटून मी रात्री रडलेही. खरे कारण सोपे होते. गाव ऊसतोडीला गेले होते. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी सुरत, नवसारी, तापीकडच्या ऊसपट्ट्यात जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथेही 'कोयता' म्हणतात. लहान मुले बरोबर जातात. मागे म्हातारी माणसे आणि गुरे राहतात. काही जण होळीला येऊन जातात, बाकीचे पावसाच्या आधी परततात. आले की नागली, वरई, भात, उडीद यांच्या शेतीची घाई सुरू होते. नगरच्या माणसाला ऊसतोड काय ते सांगावे लागत नाही, पण आम्ही कोणाला विचारलेच नव्हते. म्हणून सांगते, येथे येणाऱ्याने पहिले वर्षभर काहीही सुरू करू नये. गावाचे वर्ष कसे फिरते ते एकदा पूर्ण पाहावे.

तिसरी चूक सांगायला जड जाते. त्याच हिवाळ्यात एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे हातपाय फार दुखत होते. आई भरभर बोलत होती. थंडी, दुखणे, दरवर्षी एवढे शब्द मला कळले. बाकीच्यावर मी नुसती मान हलवली. दुखण्याच्या गोळ्या दिल्या, आपल्याच मंडळीने पाठवलेले ब्लँकेट दिले आणि घरी पाठवले. तीन दिवसांनी शेजारची आजी दारात आली. म्हणाली, "बाई, तू तिचं ऐकलंच नाहीस. तिचा मोठा पोरगा असाच दुखून दुखून मेला, ते ती तुला सांगत होती."

आम्ही त्याच दिवशी मुलीला जीपने आहव्याच्या सरकारी रुग्णालयात नेले. रक्ततपासणीत सिकलसेल निघाला. मुलगी वाचली, ही प्रभूची कृपा. पण मी नर्स असून, आदिवासी भागात सिकलसेल असतो हे पुस्तकात वाचलेले असून, आईचे बोलणे समजल्याचे सोंग केले होते.

हा आजार मदत करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे आणि अतिश्रम यांनी दुखणे उसळते. हा संसर्गाचा रोग नाही, आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर त्यांना स्वतःला सहसा त्रास नसतो, पण प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी तपासणी महत्त्वाची. फॉलिक अॅसिड, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया, भरपूर पाणी आणि ऊब यांनी पुष्कळ मुले बरी राहतात. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे. तपासणीला लोकांना नेणे, गोळ्या वेळेवर आणणे आणि घाबरलेल्या आईजवळ बसणे हे काम आपले.

पाण्याचेही सांगते. पावसाळ्यात येथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन लांब चालतात. जमीन उताराची, मातीचा थर पातळ आणि खाली काळा खडक, त्यामुळे पाणी थांबत नाही. राहायला येणाऱ्याने शहरातल्यासारखे पाणी वापरले तर ते शेजारणीच्या हंड्यातून जाते, हे आम्हाला पहिल्या उन्हाळ्यात उमगले.

मुलांचाही विचार आधी करावा. आमचा मुलगा मराठी शाळेतून चौथी करून आला आणि गुजराती शाळेत पुन्हा पहिलीच्या मुलांसारखा अक्षरे गिरवू लागला. वर्षभर तो आमच्यावर रुसला होता. आज घरातली सर्वांत चांगली डांगी त्याची आहे आणि मला काही अडले तर मी त्यालाच विचारते.

आता देण्याविषयी. आपल्या देणग्यांनी येथे खूप काही झाले आहे, म्हणूनच मोकळेपणाने लिहिते. कृपया जुन्या कपड्यांची गाठोडी पाठवू नका. वाटप करताना एकाला मिळते, एकाला राहते आणि शेजारी दुरावतात. शिवाय १९९८ च्या नाताळात या जिल्ह्यात प्रार्थनागृहांवर हल्ले झाले होते, ते लोक विसरलेले नाहीत. आमिष दाखवून धर्मांतर करणे हा गुजरातेत २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी मदतीच्या बदल्यात विश्वास मागणे ख्रिस्ताला शोभणारे नाही. औषध ज्याला हवे त्याला मिळते, तो कोणत्या देवाला हात जोडतो हे आम्ही विचारत नाही. येथे मिशनचे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आले आणि आज मंडळ्यांचे पुढारी येथलेच आहेत. आपण त्यांच्या हाताखाली काम करायला येतो.

खरी गरज आहे ती रुग्णालयाच्या जीपभाड्याची, आणि ऊसतोडीच्या महिन्यांत मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून वसतिगृहातल्या जेवणाची. ती मुलगी आता वसतिगृहात राहते. आईबाप उसाला जातात, ती जात नाही. उघड्यावरची थंडी आणि फडातले काम तिच्या जिवावर बेतले असते.

रूथ परक्या देशात गेली तेव्हा तिने प्रथम दुसऱ्यांच्या शेतात सरवा वेचला. येणाऱ्या जोडप्यांनी तेवढीच तयारी ठेवावी. पहिल्या वर्षी वेचा, ऐका आणि कळले नाही तर "पुन्हा सांग" म्हणा. ती आजी आजही मला विचारते, "बाई, कळलं का नुसती मान हलवतेस?"

प्रार्थनेत आठवण ठेवा: उसाच्या फडात गेलेल्या कुटुंबांसाठी, सिकलसेल असलेल्या मुलांसाठी, उन्हाळ्यातल्या पाण्यासाठी, आणि आम्हाला ऐकण्याचे कान मिळावेत म्हणून.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण