सामाईक भांडारातील फाइलींचे पालकत्व

‘बारभाईची शेती, काय लागेल हाती?’ ही म्हण आपणांस परिचित आहे. जी जबाबदारी सर्वांची, ती बहुधा कोणाचीच राहत नाही. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला.

‘लिनक्स’ या आज्ञावलीचेच उदाहरण घेऊ. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तिचा आरंभ १९९१ मध्ये केला. आज तिच्या भांडारात ६० हजारांहून अधिक फाइली असून, निरनिराळ्या देशांतील हजारो लेखकांचा तिला हातभार लागतो. एवढ्या पसाऱ्यात एखादा बदल योग्य की अयोग्य, हे ठरवावयाचे कोणी?

त्यासाठी भांडारातच ‘मेंटेनर्स’ नावाची एक साधी यादी ठेवलेली असते. तीत प्रत्येक विभागाच्या फाइली कोणत्या आणि त्यांचा पालक कोण, हे नोंदलेले असते. बदल सुचविणाऱ्याने तो कोणाकडे धाडावा, हे त्यावरून कळते. विभागाची स्थितीही तेथे स्पष्ट लिहितात. सांभाळणारा कोणी उरला नसेल, तर ‘अनाथ’ अशी नोंद होते. ही नोंद कोणासही भूषणावह नाही. परंतु खोट्या नावापेक्षा ती अधिक उपयुक्त होय.

‘गिटहब’ या संस्थेने २०१७ मध्ये ‘कोडओनर्स’ या यादीच्या साहाय्याने हे काम यंत्राकडे सोपविले. कोणी फाइलीत बदल सुचविला की तिच्या पालकास परीक्षणाची सूचना आपोआप जाते. तसा नियम केला असल्यास, त्याच्या संमतीवाचून बदल मुख्य शाखेत मिसळत नाही. येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. एकाच फाइलीस अनेक ओळी लागू पडल्या, तर शेवटची ओळ प्रमाण मानली जाते. म्हणून सर्वसाधारण नियम वर व विशेष नियम खाली लिहावेत. सर्व फाइलींना लागू पडणारी ओळ चुकून शेवटी पडली, तर वरच्या सर्व नेमणुका निष्फळ ठरतात. तसेच त्या यादीसही पालक नेमावा लागतो. नाहीतर राखणदार बदलणे हीच चोराची पहिली युक्ती ठरेल.

मात्र यादीत नाव असणे म्हणजे रक्षण नव्हे. माहितीचा संक्षेप करणारे ‘एक्सझेड’ हे साधन अनेक वर्षे मुख्यत्वे एकाच स्वयंसेवकाने सांभाळले होते. एका अनोळखी साहाय्यकाने सुमारे दोन वर्षे चोख काम करून विश्वास संपादन केला, पालकत्वात वाटा मिळविला आणि २०२४ मध्ये त्या साधनात छुपे द्वार घातले. संगणकात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा शोध एका अभियंत्याने चिकाटीने घेतला, म्हणून अनर्थ टळला.

तात्पर्य, येथील मालकी ही उपभोगाची नसून सांभाळण्याची आहे. प्रत्येक फाइलीस पालक असावा, शक्यतो एकाहून अधिक असावेत, आणि जो निघून गेला त्याचे नाव यादीतूनही वेळीच निघावे.