'घरगुती सोय' म्हणजे नक्की काय?



कोकणात गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागलं की घराघरांवर एक पाटी दिसते : 'जेवणाची व राहण्याची घरगुती सोय'. आम्ही जबलपूरचे मराठी लोक. आमच्याकडे समुद्र नाही, पण सातपुडा आहे, आणि आता सातपुड्यातही अशी घरं झाली आहेत. पाटीवर 'होमस्टे' लिहिलेलं असतं, एवढाच फरक. आज आपण त्या पाटीतल्या 'घरगुती' या शब्दाबद्दल बोलू. त्याचा अर्थ मला माझ्याच एका चुकीमुळे कळला.

मागच्या वर्षी डिसेंबरात छिंदवाडा जिल्ह्यात तामियाजवळच्या एका गावात आम्ही चौघांची एका रात्रीची सोय फोनवरून सांगून ठेवली होती. निघायच्या दिवशी सकाळी पाऊस भुरभुरू लागला, थंडी वाढली, घरात सगळ्यांना कंटाळा आला. मी दुपारी फोन करून सांगितलं, "आज जमत नाही." तिकडून एवढंच आलं, "ठीक है भैया." आगाऊ पैसे दिलेले नव्हते, त्यामुळे कोणाचं काही गेलं नाही असा माझा हिशेब.

यंदा मात्र आई अडून बसली. "एकदा सांगून गेलो नाही, आता जायचंच." मग आम्ही त्याच घरी फोन केला आणि निघालो.

आधी रस्ता सांगतो. जबलपूरहून इटारसीच्या गाडीने पिपरियाला उतरायचं. तिथून छिंदवाड्याकडे जाणारी बस किंवा जीप मिळते. मटकुलीला देनवा नदीपाशी रस्ता फुटतो. बहुतेक पर्यटक तिथून पचमढीला वळतात. आपण वळायचं नाही, सरळ घाट चढून तामियाला जायचं. याच तालुक्यात पाताळकोट आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराची खोल दरी, आणि तिच्यात भारिया आदिवासींची गावं. जवळचंच साबरवानी, ज्याला लोक सावरवानीही म्हणतात, या गावाला 2024 साली केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने उत्कृष्ट पर्यटन ग्राम म्हणून निवडलं. त्यामुळे हा भाग आता बाहेरच्यांनाही माहीत झाला आहे.

आम्ही उतरलो ते घर गोंड कुटुंबाचं. मातीच्या भिंती, शेणाने सारवलेलं अंगण, पाहुण्यांसाठी बाजूला दोन खोल्या आणि संडास-बाथरूम. "जय सेवा," म्हणून घरच्या दीदींनी आईचा हात धरून तिला खाटेवर बसवलं. मग माझ्याकडे बघून हसत म्हणाल्या, "मागच्या वर्षी न आलेले तुम्हीच ना?"

मी ओशाळलो. गंमत म्हणून विचारलं, "आमचं जेवण मग कोणी खाल्लं?"

"आम्ही खाल्लं. उरलेलं गाईने खाल्लं."

संध्याकाळी आई चुलीपाशी बसली, मीही टेकलो, आणि तिथे मला हा सगळा प्रकार कसा चालतो ते समजलं. हॉटेलात आपण मेनू बघून मागवतो, कारण तिथे माल भरून ठेवलेला असतो. फ्रीज असतो, आचारी असतो, आपण आलो नाही तर ते जेवण दुसऱ्या टेबलावर जातं. इथे दुसरं टेबलच नाही. जेवढी माणसं सांगितली, तेवढ्यांसाठीच सकाळपासून तयारी होते.

आमच्या ताटात होतं काय? मक्याची भाकरी, तुरीचं वरण, कुटकीचा भात आणि 'भेदरा', म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या टोमॅटोची लसूण-मिरची घातलेली चटणी. साधं वाटतं. पण कुटकी किंवा कोदो हे धान्य पोत्यातून काढलं आणि शिजवलं असं होत नाही. दाणा बारीक, आणि त्याला टरफल घट्ट चिकटलेलं. कोदोला तर टरफलाचे थरावर थर असतात. ते उन्हात वाळवायचं, जात्यावर भरडायचं, सुपात पाखडायचं, मुसळाने कांडायचं, पुन्हा पाखडायचं. गिरणी जवळ नसेल तर चार माणसांच्या भातामागे घरच्या बाईची अर्धी सकाळ जाते. शिवाय सरपण आणि पाणी आणायचं, खोली सारवायची.

दुसरी गोष्ट पाळीची. त्या गावात पाहुणे पाळीने घरोघर दिले जातात, म्हणजे एकाच घराची चंगळ होऊन बाकीचे बघत बसत नाहीत. आम्ही आलो नाही, पण त्यांची पाळी मात्र त्या दिवशी लागून गेली. पुढचे पाहुणे पुढच्या घरी गेले. त्या दिवशी दीदी दुसऱ्याच्या शेतावर मजुरीलाही गेल्या नव्हत्या, कारण पाहुणे येणार होते.

म्हणजे माझा 'कोणाचं काही गेलं नाही' हा हिशेब चुकीचा होता. मी खोली रद्द केली असं समजत होतो. प्रत्यक्षात मी एका बाईचा दिवस रद्द केला होता.

आता एक शंका येईल : एवढा त्रास आहे तर त्यांनी सरळ हॉटेलच का काढू नये? तर हा जोडधंदा आहे, आणि तो तसाच राहण्यात शहाणपण आहे. मुख्य काम शेती. पाहुणे पावसाळ्यानंतर आणि थंडीत येतात, मार्चनंतर ओसरतात. फक्त त्यांच्यावर घर चालत नाही. इटलीने 1985 साली शेतघरातल्या पाहुणचाराचा कायदा केला, त्यातही हेच तत्त्व होतं : शेती मुख्य, पाहुणे पूरक. मध्य प्रदेशच्या सरकारी योजनेतही होमस्टे, ग्राम स्टे, फार्म स्टे असे प्रकार आहेत. आपल्या महाराष्ट्रात निवास-न्याहारी योजना आहे, कृषी पर्यटनाचं 2020 चं धोरण आहे. नावं वेगळी, पण पाया एकच, की घरमालक त्या घरात राहतो आणि आपण त्याच्या घरात जातो.

सकाळी निघताना पैशांची वेळ आली. यंदाचे ठरलेले पैसे दिले आणि मागच्या वर्षीचेही पुढे केले. दीदींचे यजमान मागे सरले, "नाही नाही, तुम्ही आलाच नव्हता." आईही कुजबुजली, "असं पैसे पुढे करणं बरं दिसतं का? काही वस्तू देऊ." पण दीदी शांतपणे म्हणाल्या, "अम्मा, खोलीचे नकोत, खोली रिकामीच होती. जेवणाचेही नकोत, ते आम्ही खाल्लं. माझा दिवस गेला. दिवसाची मजुरी द्या."

मी तेवढेच दिले. त्यांनी मोजून पदराला बांधले. आई परतीच्या बसमध्ये बराच वेळ गप्प होती. मटकुली आल्यावर म्हणाली, "बरोबर बोलली ती. आम्ही जन्मभर रांधलं, पण दिवस मोजायचं कधी सुचलं नाही."

तर मंडळी, अशा घरी जाणार असाल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. माणसं किती, मुलं किती, हे दोन दिवस आधी नक्की सांगा. आगाऊ रक्कम त्यांनी मागितली नाही तरी आपण पाठवा. काय खात नाही ते आधीच सांगा, पण तिथे जाऊन पनीर मागू नका. आणि बेत बदलला तर आदल्या दिवशी, धान्य भरडायला घेण्याआधी कळवा. तेही जमलं नाही, तर त्या दिवसाचे पैसे पाठवून द्या. भाव मात्र करू नका. दर ठरलेला असला की यजमानालाही मागायचा संकोच होत नाही आणि आपल्यालाही द्यायचा होत नाही.

'घरगुती' म्हणजे स्वस्त, आणि 'घरचं' म्हणजे फुकट, असं आपल्या मनात कुठेतरी बसलेलं असतं. पण चुलीपुढे कोणीतरी बसलेलं असतं, आणि तिचा तो दिवस पुन्हा येत नाही.