बॅटरीवर आळ घेण्याआधी

सकाळी चावी फिरवली, तर गाडीनं नुसतं ‘टक्’ केलं. गॅरेजवाला फोनवरच म्हणाला, “बॅटरी गेली, नवी टाका.” न बघताच! मी मल्टीमीटर लावला. इंजिन बंद, आकडा १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. मग बॉनेटखाली नीट वाकून पाहिलं. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर, निगेटिव्हची क्लॅम्प तर बोटानं हलत होती. आधी निगेटिव्ह सोडवली, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासलं, पुसून आवळलं. पहिल्या फटक्यात सुरू! चालू इंजिनावर १४.१ व्होल्ट. इथं आकडा १३ च्या खाली राहिला असता, तर आधी अल्टरनेटरचा पट्टा तपासला असता. तुम्हीही हे करून बघा. फक्त जोडताना निगेटिव्ह शेवटी लावा.