पेराएवढ्या शिपायांची लढाई: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टेबलावर बोटाच्या पेराएवढे रंगवलेले शिपाई मांडायचे, पट्टीने अंतर मोजून ते पुढे सरकवायचे, गोळीबाराचा निकाल फाशांनी लावायचा, आणि हे सगळं मोठ्या माणसांनी दोन-तीन तास तन्मयतेनं करायचं. मिनिएचर वॉरगेमिंग या छंदाचं एवढं वर्णन वऱ्हाडातल्या मेडशीत किंवा मालेगावच्या बाजारात कुणाला ऐकवलं, तर उत्तरं ठरलेली येतील. हा पोरखेळ आहे, हा नशिबाचा खेळ आहे, हे पैसेवाल्यांचं परदेशी खूळ आहे, आणि लढाईचा कसला खेळ करायचा? या सगळ्या आक्षेपांच्या मुळाशी एकच समज आहे: या खेळात महत्त्वाच्या असतात त्या बाहुल्या. वास्तविक बाहुल्या ही त्यातली सर्वात दुय्यम वस्तू. खेळ असतो तो नियमांचा, आणि त्या नियमांच्या चौकटीत अपुऱ्या माहितीवर घ्याव्या लागणाऱ्या निर्णयांचा. हे ध्यानात आलं की मेडशीच्या एखाद्या घरात हा छंद सुरू करायला काय लागेल, याचा हिशेबही बदलतो.

पोरखेळाच्या आक्षेपाला इतिहासानंच उत्तर दिलं आहे. प्रशियाच्या सैन्यातला तरुण अधिकारी फॉन राइसविट्झ यानं वडिलांचं काम पुढे नेत 1824 साली नकाशावर ठोकळे सरकवण्याचा खेळ वरिष्ठांपुढे मांडला, आणि तो तिथल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग झाला. एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांसाठी नियम घालून दिले. पण सर्वात बोलकं उदाहरण आहे 1942 चं, लिव्हरपूलचं. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे निघालेली मालवाहू जहाजं बुडवत होत्या. कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी एका मोठ्या खोलीच्या जमिनीवर समुद्र आखला, जहाजांच्या छोट्या प्रतिकृती मांडल्या आणि नौदलाच्या महिला शाखेतल्या तरुण मुलींना हाताशी घेऊन हे हल्ले पुन्हा पुन्हा खेळून पाहिले. खेळणाऱ्या अधिकाऱ्याला पडद्याच्या फटीतून फक्त तेवढंच दिसे, जेवढं प्रत्यक्ष समुद्रात जहाजावरून दिसलं असतं. त्यातून लक्षात आलं की पाणबुडी ताफ्याच्या बाहेरून मारा करत नाही. ती जहाजांच्या रांगांमध्ये शिरून टॉर्पेडो सोडते. त्यावर बेतलेले डावपेच पुढे हजारो नौदल अधिकाऱ्यांना याच जमिनीवर शिकवले गेले. ज्या खेळानं खरी जहाजं वाचवली, त्याला पोरखेळ म्हणणं टिकणारं नाही.

फाशांचा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण आपल्याकडे फासे म्हटले की द्यूत आठवतं. इथे पैसा लावला जात नाही, हा झाला वरवरचा फरक. खरा फरक असा की इथे आधी निर्णय होतो आणि मग फासा पडतो. समजा, बारा बंदूकधाऱ्यांची तुकडी गोळ्या झाडते आहे. प्रत्येकामागे एक फासा टाकायचा, 5 किंवा 6 पडले तर नेम लागला. सरासरी चार नेम लागतील, आणि एकही न लागण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. आता समोरची तुकडी भिंतीआड आहे आणि नेम फक्त 6 वर लागतो, असं धरा. सरासरी दोनवर येते, आणि सगळे नेम चुकण्याची शक्यता शंभरात अकरापर्यंत चढते. फासे तेच, माणसं तीच. बदलली ती फक्त उभं राहण्याची जागा, आणि ती खेळाडूनं निवडलेली आहे. मग बुद्धिबळच का खेळू नये, असं कुणी विचारेल. बुद्धिबळ थोरच आहे, पण त्यातला घोडा कधी उधळत नाही. रणात तो उधळतो, निरोप उशिरा पोचतो, शूर पलटण ऐनवेळी कच खाते. फासा ही अनिश्चितता टेबलावर आणतो.

याचा दाखला शोधायला युरोपात जायची गरज नाही, अकोला जिल्ह्यातलं अडगाव पुरे. 29 नोव्हेंबर 1803 रोजी तिथे नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजेची इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. इंग्रजी फौज शिरसोली गावाजवळून पुढे येत असताना मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या. तोफा ओढणारे बैल बिथरले, आणि दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत पाय रोवून उभ्या राहिलेल्या पलटणींपैकी तीन मागे वळून पळत सुटल्या. वेलस्लीनं स्वतः त्यांना गावाआड गोळा केलं आणि पुन्हा रांगेत उभं केलं. आपण जवळ नसतो तर तो दिवस हातचा गेला असता, असं त्यानंच पुढे लिहून ठेवलं. हा प्रसंग टेबलावर मांडला की नियमांचं मोल कळतं. तोफेचा मारा सुरू झाला की प्रत्येक पलटणीनं मनोधैर्याचा फासा टाकायचा. सेनापती सहा इंचांच्या आत असेल तर त्यात भर घालायची. सेनापती एकच, डळमळणाऱ्या जागा तीन. इंग्रजांकडून खेळणाऱ्यानं त्याला कुठे ठेवायचं? भोसल्यांकडून खेळणाऱ्यापुढे तर याहून मोठा प्रश्न आहे: त्या पलटणी फिरल्या त्याच घडीला घोडदळ सोडलं असतं तर? पाठ्यपुस्तकात ही लढाई फार तर एका ओळीची असते. तिच्यानंतर 15 डिसेंबरला गाविलगड पडला, 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा हक्क जाऊन वऱ्हाड निजामाकडे गेलं. मेडशीचा मुलूखही त्याच वऱ्हाडातला. इतकं सगळं ज्या संध्याकाळवर टांगलेलं होतं ती संध्याकाळ किती अधांतरी होती, हे वाचून कळतं त्याहून खेळून जास्त कळतं.

खर्चाविषयीचा समज अर्धा खरा आहे. 1983 पासून चालत आलेल्या ‘वॉरहॅमर’सारख्या खेळांची परदेशी प्लास्टिकची फौज उभी करायला हजारो रुपये सहज जातात. पण तो एका कंपनीचा माल झाला. छंद त्याहून फार मोठा आहे. ऐतिहासिक लढायांच्या नियमांना शिपाई कशाचा बनला आहे याच्याशी देणंघेणं नसतं. नील थॉमस यांच्या 2014 च्या ‘वन-अवर वॉरगेम्स’ या पुस्तकात दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त सहा-सहा तुकड्या आणि तीन फूट लांब-रुंद रणांगण एवढंच लागतं. तुकडीला पंधरा घाव बसले की ती उचलायची. तासाभरात लढाई निकालात निघते. बारा तुकड्या म्हणजे पुठ्ठ्याच्या बारा पट्ट्या. त्यांवर चिकटवायला शिपाई हवेतच, तर पोळ्याचे बैल घडवणाऱ्या कुंभाराला मातीचे घोडेस्वार काही अवघड नाहीत. तुराटीच्या तुकड्यांचं कुंपण होतं, पऱ्हाटीच्या काड्यांची झाडं होतात. दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या मराठी मुलांनी या छंदाचा निम्मा भाग केव्हाच हस्तगत केलेला आहे. भूप्रदेश आहे, फौज आहे. उणीव आहे ती पट्टीची, फाशांची आणि नियमांची. नियम बहुधा इंग्रजीत असतात, ही अडचण खरी. पण सोपे नियम दोन-चार पानांत मावतात, आणि घरातल्या एकानं ते मराठीत उतरवून घेतले की बाकीच्यांना पुस्तक उघडावंही लागत नाही. जोडीदार नसेल तर दोन्ही बाजू आळीपाळीनं एकट्यानं खेळता येतात.

राहिला नैतिक आक्षेप. टेबलावर कुणी कण्हत नाही, कुणाचं घर उघडं पडत नाही. मग खेळणाऱ्याला युद्ध स्वस्त वाटू लागणार नाही का? हा धोका नाकारता येत नाही, आणि ज्या टेबलावर फक्त जिंकण्याची घाई असते तिथे तो असतोच. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. वेल्सनं आपले नियम लिहिले ते खऱ्या युद्धाचा तिटकारा मनात ठेवून. हा छोटा खेळ खेळून पाहिला की मोठं युद्ध किती गोंधळाचं आणि किती महागाचं असेल हे उमगतं, असं तो मांडतो. शिवाय या खेळात शत्रूच्या खुर्चीत बसावं लागतं. अडगावात एकदा वेलस्ली आणि एकदा भोसल्यांचा सरदार होऊन खेळलेल्या मुलाला ‘आपले शूर, त्यांचे कपटी’ एवढ्यावर इतिहास संपवता येत नाही. पराभव कशानं झाला, याची कारणं त्याला अंतर, वेळ आणि जागा यांच्या भाषेत सांगावी लागतात. विजयाच्या घोषणांपेक्षा मला हे शिक्षण मोलाचं वाटतं.

सुरुवात करायची तर बाजारात काही शोधत बसू नका. तीन फूट लांब-रुंद चादर, पुठ्ठ्याच्या बारा पट्ट्या, शाळेची पट्टी आणि चार फासे घ्या. मधे शिरसोलीची चार घरं मांडा. पहिला डाव भोसल्यांच्या बाजूनं खेळा, आणि तोफा कधी सुरू करायच्या ते इंग्रज जागचे हलण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवा.